स्टार्टर यंत्रणेतील दोषनिदान

स्टार्टर यंत्रणेतील दोषनिदान म्हणजे मोटारवाहनाचे इंजिन सुरू करणाऱ्या विद्युत यंत्रणेत बिघाड झाला असता, तो नेमका कोणत्या भागात आहे हे क्रमवार निरीक्षण व मापन करून ठरविण्याची पद्धती होय. बॅटरी, जाड केबली, इग्निशन स्विच, रिले, सोलेनॉइड, स्टार्टर मोटर आणि इंजिनाच्या प्रचक्रावरील दातेरी कडे हे या यंत्रणेचे मुख्य घटक आहेत. यांपैकी कोणताही एक घटक निकामी झाला तरी वाहनचालकाला दिसणारा परिणाम बहुधा एकच असतो, तो म्हणजे गाडी सुरू न होणे. त्यामुळे केवळ तक्रारीवरून दोषाचे स्थान सांगता येत नाही.

अंदाजाने भाग बदलत गेल्यास चांगली बॅटरी किंवा चांगली मोटर टाकून दिली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. गंजलेला एखादा जोड किंवा सैल झालेली अर्थची पट्टी हे कारण असताना बॅटरी बदलली, तर खर्च होतो आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा अडून राहते. निदानाचे मुख्य तत्त्व असे आहे की, स्टार्टरच्या मंडलाची परीक्षा त्यातून प्रत्यक्ष मोठा विद्युतप्रवाह वाहत असतानाच करावी लागते. प्रवाह वाहत नसताना घेतलेली मापने पुष्कळदा दिशाभूल करतात.

या लेखात १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असलेल्या पेट्रोल व डिझेल मोटारींचा प्रामुख्याने विचार केला आहे.

## इतिहास

अंतर्ज्वलन इंजिन स्थिर अवस्थेतून स्वतःच्या बळावर फिरू लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा वा इंधनमिश्रण ओढले जाऊन त्याचे संपीडन होईपर्यंत इंजिन बाहेरच्या शक्तीने फिरवावे लागते. प्रारंभीच्या मोटारींत हे काम हाताने, लोखंडी हँडल फिरवून केले जाई. प्रज्वलन अवेळी झाल्यास इंजिन उलट झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात आजही 'शोफर फ्रॅक्चर' असे नाव आहे, ते यावरूनच पडले.

अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यात आला. त्यापूर्वी केटरिंग यांनी दुकानांतील रोकड नोंदविणाऱ्या यंत्रासाठी छोटी विद्युत मोटर तयार केली होती. सतत चालण्याची गरज नसलेल्या छोट्या मोटरीकडून अल्पकाळ तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक काम करून घेता येते, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी उपयोगी पडले. आजची स्टार्टर मोटरही काही सेकंदांच्याच कामासाठी बनविलेली असते. म्हणूनच ती दीर्घकाळ फिरवत ठेवल्यास तापून जळते. फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीला १९१९ पासून विद्युत स्टार्टर मिळू लागला. भारतात जुन्या जीप व ट्रकांच्या संदर्भात 'हँडल मारणे' हा शब्दप्रयोग दीर्घकाळ रूढ होता.

## व्यवहारातील शब्द

महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये स्टार्टर मोटरला 'सेल्फ' म्हणतात. 'सेल्फ स्टार्टर' या शब्दाचे ते संक्षिप्त रूप आहे. 'सेल्फ मारणे' म्हणजे स्टार्टर फिरविणे आणि 'सेल्फ उचलत नाही' म्हणजे मोटर फिरत नाही किंवा इंजिनाला फिरवू शकत नाही. मोटरीतील कार्बन ब्रशांना नुसते 'कार्बन' म्हटले जाते. पिनियन व त्यामागील क्लच यांच्या जोडणीला 'बेंडिक्स' म्हणतात. हे नाव अमेरिकन संशोधक व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्यावरून आले असून, आजच्या बहुतेक मोटारींतील रचना मूळ बेंडिक्स रचनेपेक्षा वेगळी असली तरी शब्द टिकून आहे. वाहनाच्या धातूच्या सांगाड्यामार्फत होणाऱ्या परतीच्या जोडणीला 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' असे संबोधतात.

## रचना व कार्य

स्टार्टर यंत्रणेत दोन विद्युत मंडले असतात. निदान करताना त्यांचा वेगवेगळा विचार करणे आवश्यक असते.

### मुख्य मंडल

बॅटरीच्या धन अग्रापासून जाड केबलीने सोलेनॉइडपर्यंत, तेथील तांब्याच्या संपर्कांतून मोटरीत, मोटरीच्या धातूच्या आवरणातून इंजिनाच्या ठोकळ्यात आणि तेथून अर्थच्या पट्टीने व केबलीने बॅटरीच्या ऋण अग्राकडे, असा या मंडलाचा मार्ग असतो. लहान पेट्रोल मोटारीत यातून सुमारे १०० ते २०० अँपिअर प्रवाह वाहतो. डिझेल इंजिनात संपीडनाचे प्रमाण अधिक असल्याने हा आकडा ३०० अँपिअरच्या पुढेही जाऊ शकतो. परतीचा मार्ग जाण्याच्या मार्गाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र तपासणीत पुष्कळदा त्याकडेच दुर्लक्ष होते.

### नियंत्रण मंडल

चालक किल्ली फिरवितो किंवा बटण दाबतो तेव्हा बारीक तारांतून थोडासा प्रवाह सोलेनॉइडच्या गुंडाळीकडे जातो. वाटेत फ्यूज व रिले असतात. स्वयंचलित गिअर असलेल्या गाडीत गिअर 'पार्क' किंवा 'न्यूट्रल' स्थितीत असल्याशिवाय प्रवाह पुढे जाऊ न देणारा स्विच असतो. हाताने गिअर बदलावयाच्या अनेक गाड्यांत हेच काम क्लचच्या पेडलजवळील स्विच करतो. चोरीप्रतिबंधक इमोबिलायझरही काही गाड्यांत या मंडलावर नियंत्रण ठेवतो.

अनेक वाहनांत जोडणीच्या ठिकाणी जर्मन मानक डीआयएन ७२५५२ नुसार क्रमांक लिहिलेले आढळतात. ३० हा क्रमांक बॅटरीकडून थेट येणाऱ्या जोडणीचा, ५० हा सोलेनॉइडला मिळणाऱ्या आज्ञेचा आणि ३१ हा अर्थचा असतो.

### सोलेनॉइड, पिनियन व क्लच

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक आतील लोखंडी दांडा जोराने ओढते व दुसरी त्याला ओढलेल्या स्थितीत धरून ठेवते. दांडा सरकताच दोन गोष्टी घडतात. एका तरफेमार्फत पिनियन पुढे ढकलला जाऊन प्रचक्राच्या दातेरी कड्यात, म्हणजेच रिंग गिअरमध्ये, अडकतो आणि त्यानंतर तांब्याचे जाड संपर्क जुळून मुख्य प्रवाह मोटरीत शिरतो.

पिनियन व रिंग गिअर यांच्या दात्यांचे गुणोत्तर साधारणपणे १:१० ते १:१५ असते. त्यामुळे छोटी मोटर जड इंजिन फिरवू शकते. इंजिन सुरू होऊन वेग घेते तेव्हा त्याने मोटरीला दहा-पंधरापट वेगाने फिरवून तिची मोडतोड करू नये, म्हणून पिनियनमागे एकाच दिशेने बल नेणारा क्लच बसविलेला असतो.

## निदानाचे तत्त्व

निदानाचा पाया ओहमचा नियम हा आहे. वाहकाच्या दोन टोकांमधील विद्युतदाब हा प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. एखाद्या गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम एवढा अल्प रोध निर्माण झाला असे मानू. मोटारीतील एखाद्या छोट्या दिव्याचा प्रवाह अर्धा अँपिअर असेल, तर त्या जोडात केवळ ०.००५ व्होल्ट खर्च होतील आणि दिवा नेहमीसारखाच लागेल. त्याच जोडातून स्टार्टरचे १५० अँपिअर वाहू लागले की १.५ व्होल्ट तेथेच नाहीसे होतात आणि सुमारे २२५ वॉट शक्तीची उष्णता त्या जोडात उत्पन्न होते. 'दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी व जोडण्या ठीक आहेत' हा समज म्हणूनच खरा नाही.

याच कारणामुळे साध्या मल्टिमीटरने केबलीचा रोध मोजून दोष सापडत नाही, कारण इतका सूक्ष्म रोध असे मीटर विश्वासार्हपणे दाखवू शकत नाही. गाळाने भरत आलेल्या नळात तोटी बंद असताना पाण्याचा दाब पूर्ण भासतो आणि तोटी उघडताच धार बारीक येते. केबलीचेही तसेच आहे. तिच्या बहुतेक तारा तुटून एकदोनच शिल्लक असल्या तरी प्रवाह नसताना मीटर १२ व्होल्ट दाखवितो. खरी स्थिती भार पडल्यावरच उघड होते.

## लक्षणांवरून वर्गीकरण

पहिला प्रश्न, 'इंजिन फिरते काय?' हा होय. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल आणि तरीही सुरू होत नसेल, तर स्टार्टर यंत्रणा आपले काम करीत आहे. अशा वेळी दोष इंधनपुरवठा, प्रज्वलन, संवेदक किंवा डिझेल गाडीतील ग्लो प्लग यांमध्ये शोधावा लागतो. इंजिन फिरतच नसेल किंवा मंद फिरत असेल, तर पुढील लक्षणे मार्गदर्शक ठरतात.

- कोणताही आवाज नाही, दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली आहे, बॅटरीच्या अग्रांवरील पकड सुटली आहे किंवा मुख्य फ्यूज वितळला आहे.
- आवाज नाही, परंतु दिवे प्रखर आहेत: आज्ञा सोलेनॉइडपर्यंत पोहोचत नसण्याचा संभव अधिक असतो. रिले, फ्यूज, गिअर वा क्लचचा स्विच, इग्निशन स्विच आणि इमोबिलायझर तपासावेत.
- जलद 'कट-कट-कट' असा आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, मोटरीचा भार पडताच विद्युतदाब कोसळतो, दांडा सुटतो, दाब पुन्हा वाढतो आणि हेच चक्र चालू राहते. उतरलेली बॅटरी किंवा खराब जोडणी ही त्याची नेहमीची कारणे होत.
- एकच मोठा 'खट्' आवाज, नंतर शांतता: सोलेनॉइड काम करतो, पण मोटर फिरत नाही. सोलेनॉइडचे जळलेले संपर्क, झिजलेले ब्रश, मुख्य मंडलातील सदोष जोड किंवा यांत्रिकदृष्ट्या जखडलेले इंजिन यांपैकी कारण असू शकते.
- इंजिन मंद व कष्टाने फिरते: अर्धवट उतरलेली बॅटरी, केबलींतील रोध, मोटरीतील झीज किंवा इंजिनातील अतिरिक्त घर्षण.
- मोटर भरभर फिरते, इंजिन स्थिर राहते: पिनियन कड्यात अडकत नाही किंवा त्याचा क्लच घसरतो.
- खरखर किंवा दात घासल्याचा आवाज: पिनियन वा रिंग गिअर यांचे दाते झिजले आहेत किंवा मोटरीचे बोल्ट सैल आहेत.
- इंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरते, पण सुरू होत नाही: सिलिंडरमध्ये संपीडन होत नसावे. टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा व स्टार्टर पुन्हा फिरवू नये.

हेडलाइट लावून स्टार्टर फिरविणे ही उपकरणाविना करता येणारी जुनी चाचणी आहे. प्रकाश जवळजवळ विझला तर बॅटरी किंवा तिच्या अग्रांवरील जोडणी दुर्बल आहे. प्रकाशात काहीच फरक पडला नाही तर मोटरीकडे प्रवाह जातच नाही. प्रकाश मंदावला पण टिकून राहिला आणि इंजिन हलले नाही, तर मोटर किंवा इंजिन यांत्रिकदृष्ट्या अडकले असण्याची शक्यता असते.

## बॅटरीची तपासणी

प्रत्येक विद्युत चाचणीपूर्वी बॅटरीची स्थिती निश्चित करावी लागते, कारण दुर्बल बॅटरीवर घेतलेली पुढील सर्व मापने निरर्थक ठरतात.

प्रथम डोळ्यांनी पाहणी करतात. अग्रांवरील पांढरट-हिरवट क्षार, फुगलेले आवरण, आम्लाची गळती आणि हाताने हलणारी पकड ही दोषाची चिन्हे होत. गाडी काही तास उभी असताना, सर्व उपकरणे बंद ठेवून मोजलेला विद्युतदाब बॅटरीतील भाराचा अंदाज देतो. १२.६ व्होल्ट वा अधिक म्हणजे पूर्ण भारित, १२.४ व्होल्ट म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ व्होल्ट म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ व्होल्टच्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली असे मानले जाते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कोशातील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजता येते. सहा कोशांपैकी एखाद्याचे मूल्य इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी आल्यास तो कोश सदोष समजतात.

स्थिर विद्युतदाब चांगला असूनही बॅटरी भार सोसू शकत नाही असे अनेकदा आढळते. त्यासाठी भारचाचणी करतात. बॅटरीवर लिहिलेल्या शीत-प्रारंभ प्रवाहाच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद घेतला असता, सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमानाला विद्युतदाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये, असा सर्वमान्य निकष आहे. भारचाचणीचे उपकरण नसल्यास स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या अग्रांवरील विद्युतदाब पाहतात. तोही ९.६ व्होल्टच्या वर राहिला पाहिजे. उतरलेली बॅटरी प्रथम भारित करून मगच तिची परीक्षा घ्यावी, कारण उतरलेली बॅटरी आणि निकामी झालेली बॅटरी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तापमानाचा परिणाम दोन प्रकारचा असतो. कडक थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट झाल्याने मोटरीवरील भार वाढतो. उलटपक्षी, उष्ण प्रदेशात पाण्याचे बाष्पीभवन व आतील शिशाच्या जाळ्यांचे क्षरण वेगाने होऊन बॅटरीचे आयुष्यच घटते. त्यामुळे उन्हाळ्यात झालेली हानी पुष्कळदा पुढच्या हिवाळ्यातील पहिल्या थंड सकाळी लक्षात येते.

## व्होल्टेज ड्रॉप चाचणी

मुख्य मंडलातील दोष शोधण्याची ही सर्वांत उपयुक्त पद्धत आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंधनपुरवठा किंवा प्रज्वलन तात्पुरते बंद करून, इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही अशी व्यवस्था करतात. त्यानंतर एक व्यक्ती काही सेकंद स्टार्टर फिरविते व दुसरी मल्टिमीटरवर विद्युतदाब वाचते.

1. धन बाजू: मीटरची एक सुई बॅटरीच्या धन अग्रावर व दुसरी सोलेनॉइडच्या मोटरीकडील बोल्टवर ठेवतात.
2. ऋण बाजू: एक सुई बॅटरीच्या ऋण अग्रावर व दुसरी स्टार्टर मोटरीच्या स्वच्छ केलेल्या धातूच्या आवरणावर ठेवतात.
3. कोणत्याही बाजूचे वाचन मर्यादेपेक्षा अधिक आल्यास सुई एकेका जोडाने बॅटरीकडे सरकवीत जातात. वाचन जेथे अचानक कमी होते, त्या ठिकाणाच्या अलीकडे-पलीकडेच दोष असतो.

सर्वसाधारणपणे एका जोडात ०.१, एका केबलीत ०.२, सोलेनॉइडच्या संपर्कांत ०.३ आणि एका संपूर्ण बाजूला ०.५ व्होल्ट ही कमाल मर्यादा धरतात. विशिष्ट वाहनासाठी निर्मात्याने दिलेले आकडे अधिक प्रमाण मानावेत. सुई केबलीच्या पकडीवर न ठेवता प्रत्यक्ष अग्राच्या शिशावर ठेवणे महत्त्वाचे आहे. अग्र व पकड यांच्यामधील गंजाचा थर हा अतिशय सामान्य दोष असून, सुई पकडीवर ठेवल्यास तो मापनातून निसटतो.

### उदाहरण

समजा, एका मोटारीचे इंजिन मंद फिरत आहे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या अग्रांवर १०.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे बॅटरी भार सोसत आहे. परंतु मोटरीला प्रत्यक्षात ८.६ व्होल्टच मिळतात. याचा अर्थ २.३ व्होल्ट वाटेत नाहीसे होत आहेत. धन बाजूचे वाचन ०.३ व्होल्ट येते, ते मर्यादेत आहे. ऋण बाजूचे वाचन २.० व्होल्ट येते. आता एक सुई इंजिनाच्या ठोकळ्यावर व दुसरी गाडीच्या सांगाड्यावर ठेवली असता १.९ व्होल्ट दिसतात. म्हणजेच इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी सदोष आहे. प्रवाह १२० अँपिअर असेल, तर त्या पट्टीचा रोध सुमारे ०.०१६ ओहम भरतो. पट्टीची दोन्ही टोके घासून स्वच्छ करणे व बोल्ट आवळणे, किंवा पट्टी बदलणे, एवढ्यानेच ही गाडी दुरुस्त होते. येथे नवी बॅटरी किंवा नवी मोटर बसवून मूळ दोष दूर झाला नसता.

## नियंत्रण मंडलाची तपासणी

स्टार्टरकडून आवाजच येत नसेल, तर सहकाऱ्याला किल्ली 'स्टार्ट' स्थितीत धरावयास सांगून सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या जोडणीवर विद्युतदाब पाहतात. तेथे बॅटरीच्या जवळपास विद्युतदाब मिळत असेल, तर नियंत्रण मंडल निर्दोष असून दोष सोलेनॉइडमध्ये, मोटरीत किंवा मुख्य मंडलात आहे. तेथे शून्य वाचन आले, तर मागे मागे जात फ्यूज, रिले, सुरक्षा स्विच व इग्निशन स्विच तपासावे लागतात.

रिलेची शंका असल्यास फ्यूजच्या पेटीतील त्याच क्रमांकाचा व प्रकारचा दुसरा रिले तात्पुरता लावून पाहता येतो. स्वयंचलित गिअरची गाडी 'पार्क'मध्ये सुरू न होता 'न्यूट्रल'मध्ये सुरू झाली, तर गिअरच्या स्थितीचा स्विच बिघडला किंवा त्याची जुळणी हलली असे समजते. इमोबिलायझरचा दिवा असामान्य रीतीने लुकलुकत असेल, तर दुसरी किल्ली वापरून पाहावी. सुरक्षा स्विच कायमचा टाळून तारा जोडणे धोकादायक आहे, कारण त्यानंतर गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरू शकतो.

## मोटर व यांत्रिक भाग

बॅटरी, मुख्य मंडल व नियंत्रण मंडल निर्दोष ठरल्यानंतरच मोटर काढावी. तत्पूर्वी क्लॅम्प मीटरने मोजलेला प्रवाह उपयुक्त माहिती देतो. इंजिन मंद फिरत असताना प्रवाह नेहमीपेक्षा अधिक असेल, तर मोटरीवर भार जास्त आहे. झिजलेल्या बुशांमुळे आर्मेचर आतील चुंबकांना घासत असेल, गुंडाळीत आंतरिक संपर्क झाला असेल किंवा इंजिनच घट्ट झाले असेल. प्रवाह नेहमीपेक्षा कमी असेल, तर मार्गात कोठेतरी रोध आहे. झिजलेले ब्रश, काळवंडलेला दिक्परिवर्तक किंवा सोलेनॉइडचे जळलेले संपर्क ही त्याची मोटरीतील कारणे होत.

मोटरीच्या आवरणावर हलकेच ठोकले असता ती एकदा फिरली, तर झिजलेले ब्रश दिक्परिवर्तकाला नीट टेकत नसल्याचे ते लक्षण असते. हा उपाय नसून केवळ निदान आहे. ब्रश आणखी झिजताच मोटर पूर्ण थांबते.

चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना संपीडनामुळे बहुधा त्याच त्या दोन स्थितींत थांबते. त्यामुळे रिंग गिअरचे दाते कड्यावरील ठराविक भागांतच अधिक झिजतात. इंजिन थोडे फिरविल्यानंतर स्टार्टर व्यवस्थित लागत असेल, तर दोष मोटरीत नसून या दात्यांत असण्याचा संभव असतो.

## बॅटरी वारंवार उतरणे

बॅटरी चांगली असूनही ती पुनःपुन्हा उतरत असेल, तर दोन शक्यता तपासतात. पहिली म्हणजे अल्टरनेटर तिला पुरेसे भारित करीत नाही. इंजिन चालू असताना अग्रांवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. संगणकनियंत्रित अल्टरनेटर असलेल्या काही नव्या गाड्यांत हा आकडा परिस्थितीनुसार बदलतो.

दुसरी शक्यता म्हणजे गाडी बंद असतानाही वाहणारा छुपा प्रवाह. डिकीतील न विझणारा दिवा, नंतर बसविलेली संगीतयंत्रणा किंवा अडकून राहिलेला रिले यांमुळे असे घडते. गाडी बंद करून तिचे संगणक निद्रितावस्थेत जाईपर्यंत थांबल्यावर हा प्रवाह साधारणपणे ५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसावा. तो अर्धा अँपिअर असल्यास तीन दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. एवढ्या खर्चाने लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी होते. मीटर बॅटरीच्या मार्गात एकसर जोडलेला असताना स्टार्टर कधीही फिरवू नये, कारण साधा मीटर सहसा १० अँपिअरपर्यंतच प्रवाह सोसतो.

## दुचाकी वाहने

स्कूटर व मोटारसायकलींतही तत्त्वे हीच आहेत. प्रवाह मात्र कमी असतो व बॅटरी लहान असते. अनेक स्कूटरांत ब्रेक दाबल्याशिवाय आणि अनेक मोटारसायकलींत न्यूट्रल किंवा दाबलेला क्लच यांशिवाय स्टार्टरला आज्ञा मिळत नाही. त्यामुळे ब्रेकच्या दांड्याजवळचा छोटा स्विच बिघडला तरी सेल्फ बंद पडतो. ब्रेक दाबूनही मागचा लाल दिवा लागत नसेल, तर प्रथम तोच स्विच पाहावा. ज्या वाहनांना किक आहे त्यांत निदान सोपे होते. किकने इंजिन लगेच सुरू झाल्यास इंधन व प्रज्वलन ठीक असून दोष बॅटरी व स्टार्टर यांच्या मर्यादेत आहे.

## पाण्यात बुडालेले वाहन

पुराच्या पाण्यात बुडालेल्या किंवा पाण्यातून जाताना बंद पडलेल्या वाहनाचा स्टार्टर फिरवू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास ते हवेप्रमाणे दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आदळून संयोगदांडा वाकतो किंवा तुटतो आणि स्टार्टर व रिंग गिअर यांचीही हानी होऊ शकते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. अशा अतिवृष्टीत आणि दर पावसाळ्यात सखल भागांतील उभ्या वाहनांच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्षात उद्भवतो. अशा वाहनाची बॅटरी सुरक्षितपणे सोडवून, ते ओढून कार्यशाळेत न्यावे आणि सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री झाल्यावरच इंजिन फिरवावे.

## सुरक्षितता

- भारित होत असताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असताना तो ठिणगीने पेट घेतो. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, काडी किंवा ठिणगी असू नये. डोळ्यांवर चष्मा असावा.
- बॅटरी सोडविताना प्रथम ऋण केबल काढावी व बसविताना ती शेवटी जोडावी. असे केल्यास पाना चुकून गाडीच्या धातूला लागला तरी मोठी ठिणगी पडत नाही. अंगठी व धातूचे कडे हातातून काढून ठेवावे.
- दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना धन अग्र धन अग्राला जोडावे. ऋण केबलीचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न जोडता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला लावावे.
- सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून मोटर फिरविण्याची पद्धत गॅरेजांत दिसते. गाडी गिअरमध्ये असल्यास ती अचानक पुढे झेप घेते व समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचा जीव धोक्यात येतो. ही पद्धत टाळावी.
- स्टार्टर सलग सुमारे १० सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा ते एक मिनिट मोटर थंड होऊ द्यावी.
- धक्का देऊन सुरू करणे हा उपाय हाताने गिअर बदलावयाच्या गाड्यांपुरताच आहे. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टीअरिंग यांना मिळणारे साहाय्य मिळत नाही, म्हणून उतारावर किंवा रहदारीत तसे करू नये.

## आधुनिक यंत्रणा

सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत अधिक बळकट स्टार्टर व विशेष प्रकारची बॅटरी वापरतात. अशा गाडीत साधी बॅटरी बसविल्यास ती अल्पावधीत निकामी होते. काही वाहनांत बॅटरी बदलल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. काही सौम्य संकरित मोटारींत व नव्या स्कूटरांत जनित्र व स्टार्टर ही दोन्ही कामे एकच यंत्र करते. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत संगणक बिघाडाचा संकेतांक नोंदवून ठेवतो आणि स्कॅनरने तो वाचता येतो. तथापि, संकेतांक दोषाची दिशा सुचवितो. गंजलेला जोड किंवा सैल बोल्ट तो दाखवीत नाही. त्यासाठी भाराखाली केलेले विद्युतदाबाचे मापन या यंत्रणांतही आवश्यक ठरते.